लँगोलेनच्या दोघी, आणि तिसरी

रुआबनच्या फलाटावर उतरलेल्या आम्ही दोघीच. चेस्टरहून आलेली गाडी आम्हाला सोडून श्रूजबरीकडे निघून गेली आणि पाठीमागं शांतता उरली. लँगोलेनला आता मुख्य मार्गावरची रेल्वे जात नाही. हौशी मंडळींनी चालवलेली वाफेच्या इंजिनाची गाडी तेवढी तिथून नदीकाठानं कॉर्वेनपर्यंत धावते. त्यामुळे पुढचा प्रवास बसचा. ड्रायव्हरला मी गावाचं नाव सांगितलं, त्याला कळलं नाही. वेल्श भाषेत दोन ‘एल’ शेजारी आले की जीभ टाळूला टेकवून तिच्या कडेनं हवा सोडायची असते. जन्मभर ‘ळ’ म्हणत आलेल्या बाईला हे जमायला हरकत नव्हती, पण तिसऱ्या प्रयत्नाला माझ्या तोंडून नुसती थुंकी उडाली. मागून मैत्रीण म्हणाली, “अगं, मोबाईलवर नाव दाखव की त्याला!”

ही मैत्रीण कॉलेजच्या हॉस्टेलपासूनची. नोकऱ्या, लग्नं, सासवांची आजारपणं या सगळ्यातून वर्षाला एक प्रवास आम्ही वाचवत आलो. या वर्षी कुठं, हे ठरवण्याची पाळी माझी होती. दोन बायकांचं घर बघायला इंग्लंडच्या पलीकडे वेल्समध्ये जायचं म्हटल्यावर तिनं एकच विचारलं, “त्यांनी केलं काय पण?”

प्रश्न रास्त होता. एलेनॉर बटलर आणि सारा पॉन्सनबी यांनी एक ओळही छापली नाही. त्यांनी केलं ते इतकंच, की आयर्लंडातल्या आपापल्या घरांतून त्या पळाल्या, १७८० साली या गावातलं एक झोपडीवजा घर भाड्यानं घेतलं आणि मरेपर्यंत तिथं एकत्र राहिल्या. जवळजवळ पन्नास वर्षं. आणि या पन्नास वर्षांत ब्रिटनमधल्या लिहित्या-वाचत्या जगातलं कोण त्यांच्या दिवाणखान्यात येऊन गेलं नाही, हेच विचारावं.

गावाच्या मधून डी नदी खडकांवर आपटत जाते. तिच्यावर जुना दगडी पूल, आणि समोरच्या टेकडीवर डिनास ब्रानच्या पडक्या किल्ल्याचे दातरे. बाजारपेठेतून उलट्या बाजूनं चढ चढत गेलं की दहा-पंधरा मिनिटांत घर येतं. नाव प्लास नेविड. वेल्शमध्ये त्याचा अर्थ ‘नवा वाडा’. आपल्याकडे दोन खोल्यांच्या बंगल्यावर ‘राजमहाल’ अशी पाटी लावतात, त्यातलाच प्रकार. मूळ नाव पेन-इ-माएस होतं, ते या दोघींनी बदललं. आज समोरून दिसणारा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा थाटही त्यांचा नव्हे. त्यांच्या पश्चात बऱ्याच वर्षांनी घर घेणाऱ्या जनरल यॉर्क यांनी तो चढवला. त्यांचं असं काही बघायचं तर दारापाशीच थांबावं लागतं.

दारावरचं लाकूड मी हात मागं बांधून, नाक टेकेल इतक्या जवळून पाहिलं. काळपट ओक. एक सिंह, त्याच्या शेजारी कुणा संताचा झिजलेला चेहरा, त्याखाली पलंगाच्या खांबाचा तुकडा, मग वेलबुट्टी, ती मध्येच करवतीनं कापलेली, आणि तिला चिकटवून भलत्याच काळातली दुसरी वेलबुट्टी. जुन्या पेट्या, पलंग, चर्चमधली बाकं यांचे अवशेष गोधडीसारखे जोडलेत. आतला जिना, भिंती, खिडक्यांच्या कडा, सगळीकडे हेच. १८१४ च्या सुमारास त्यांना या कोरीव ओकचं वेड लागलं. भेटीला येणारी माणसं मग लाकडाचा एखादा तुकडा घेऊन यायला लागली. हळदीकुंकवाला वाण न्यावं तसं. फरक इतकाच, की इथं वाण पाहुण्यांनी आणायचं. हे सगळं सुंदर दिसतं असं मी म्हणणार नाही. खिडक्यांतल्या रंगीत काचांमुळे उजेड कमी, लाकूड काळं, आणि कानाकोपऱ्यांतून तोंडं आपल्याकडे बघताहेत. मैत्रीण कुजबुजली, “इथली धूळ कोण पुसत असेल गं?”

तिच्या या प्रश्नाकडे परत यावं लागणार आहे. आधी त्या पळून कशा आल्या ते सांगते.

एलेनॉरचा जन्म १७३९ चा. किल्केनीच्या किल्ल्यातल्या बटलर घराण्यातली, कॅथलिक, फ्रान्समधल्या कांब्रे इथं इंग्लिश जोगिणींच्या मठात शिकलेली. घरच्यांच्या मते वाजवीपेक्षा जास्त पुस्तकं वाचणारी आणि लग्नाचं वय उलटलेली. सारा तिच्याहून सोळा वर्षांनी लहान, पोरकी. ती किल्केनीच्या शाळेत आली तेव्हा तेरा वर्षांची होती, आणि तिच्यावर लक्ष ठेवायला म्हणून ज्या बटलर कुटुंबाला सांगितलं त्यातली ही एलेनॉर. ओळख पुस्तकांवरून झाली आणि पत्रांतून वाढली. पुढं सारा वुडस्टॉकला नातलगांकडे राहायला गेली, तर तिथले यजमान सर विल्यम फाउन्स, बायको जिवंत असतानाच, या पोरीच्या मागं लागले. इकडे एलेनॉरला कायमचं कांब्रेच्या मठात धाडायचं घाटत होतं.

१७७८ च्या मार्चमध्ये एका रात्री सारा दिवाणखान्याच्या खिडकीतून बाहेर पडली. अंगात पुरुषी कपडे, हातात पिस्तूल, काखेत फ्रिस्क नावाचा कुत्रा. वॉटरफर्डकडे जाऊन बोट पकडायची असा बेत. बोट मिळाली नाही. रात्र एका धान्याच्या कोठारात काढली आणि शेवटी दोघी सापडल्या. साराला ताप भरला. एलेनॉरला बहिणीच्या सासरी, बॉरिसला नेऊन ठेवलं. तिथूनही ती निसटली, वुडस्टॉकला आली आणि साराच्या खोलीतल्या कपाटात लपून राहिली. तिला तिथं चोरून जेवण पोचवणारी होती घरातली मोलकरीण, मेरी कॅरिल. या मेरीनं एकदा दुसऱ्या नोकरावर मेणबत्तीचं घर फेकून मारलं होतं, म्हणून तिला सगळे ‘दांडगी मॉली’ म्हणत. कपाटातली पाहुणी उघडकीला आली तेव्हा मात्र घरची माणसं थकली. सारानं ऐकवलं होतं, की जगेन तर मिस बटलरबरोबर. दोघींना जायची परवानगी मिळाली. मे महिन्यात त्या बोटीनं मिलफर्ड हेवनला उतरल्या. मेरी बरोबर होती. नव्या नवरीबरोबर सासरी जाणाऱ्या बाईला आपल्याकडे पाठराखीण म्हणतात. ती चार दिवस राहून परत येते. ही परत गेली नाही.

घरातल्या ऑडिओ गाइडवर या जीवनाला ‘निवृत्ती’ म्हटलेलं ऐकू येतं, आणि त्या दोघीही तोच शब्द वापरत. जगाच्या धबडग्यापासून दूर, निसर्गाच्या कुशीत, पुस्तकं आणि बागकाम. रूसोच्या कादंबऱ्या वाचलेल्या पिढीचं हे आवडतं स्वप्न. पण जिथं निवृत्त झाल्या ती जागा तर बघा! लंडनहून होलीहेडला आणि तिथून बोटीनं डब्लिनला जाणारा हमरस्ता लँगोलेनमधून जातो. घोडागाड्यांचे घोडे इथं बदलत. १८०१ साली आयर्लंडची पार्लमेंट लंडनच्या पार्लमेंटमध्ये विलीन झाली, तशी आयरिश सरदार आणि खासदारांची ये-जा आणखी वाढली. म्हणजे मुंबई-पुणे रस्त्यावर खोपोलीला घर घ्यायचं आणि म्हणायचं, आम्ही वनवासात आहोत. मला यात ढोंग दिसत नाही. अक्कल दिसते. माहेर तोडून आलेल्या दोन बायकांना माणसं हवी होतीच, फक्त कुणाला आत घ्यायचं ते ठरवायचा हक्क आपल्याकडे हवा होता. खालच्या खानावळीतून पाहुणा चिठ्ठी पाठवायचा. मग वरून होकार किंवा नकार यायचा.

हा हक्क त्या काळात फार थोड्या बायकांकडे होता. लग्न झालं की बाईची मिळकत कायद्यानं नवऱ्याची. न लिहिलेल्या कायद्यानं तिचा वेळही त्याचाच. म्हणून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहित्या-वाचत्या बायकांनी ज्या बैठका जमवल्या त्या अनेकदा पैसा हाती असलेल्या विधवांच्या किंवा अविवाहितांच्या भोवती जमल्या. लंडनमध्ये एलिझाबेथ माँटेग्यूच्या घरी पत्ते खेळायला बंदी आणि बोलायला मुभा असे. त्या मंडळाला ‘ब्लूस्टॉकिंग’ म्हणजे निळ्या मोज्यांवाल्या म्हणत. गंमत म्हणजे मूळचे निळे मोजे एका पुरुषाचे, बेंजामिन स्टिलिंगफ्लीट नावाच्या विद्वानाचे. माँटेग्यूची बहीण सारा स्कॉट नवऱ्याला सोडून लेडी बार्बरा माँटेग्यू या मैत्रिणीबरोबर बाथजवळ राहिली आणि १७६२ साली तिनं फक्त बायकांनी चालवलेल्या एका वसाहतीची कादंबरी लिहिली. लँगोलेनच्या दोघी त्या लंडनच्या बैठकीतल्या नव्हेत. त्यांनी बैठक टपालानं भरवली.

आणि टपाल स्वस्त नव्हतं. एक पेनीचं तिकीट १८४० साली आलं. त्याआधी पत्राचे पैसे घेणाऱ्यानं द्यायचे, तेही अंतर आणि कागदांच्या संख्येवर. त्यामुळे एकाच कागदावर आडवं लिहून झालं की तो फिरवून त्याच ओळींवर उभं लिहायची पद्धत होती. वाचणाऱ्याच्या डोळ्यांची परीक्षाच. पार्लमेंटच्या सभासदाच्या सहीचं पत्र मात्र फुकट जायचं, म्हणून ओळखीचा खासदार ही मोठी दौलत. अशा पत्रांतून ॲना सीवर्डशी त्यांची मैत्री जुळली.

लिचफील्डची ही कवयित्री १७९५ मध्ये इथं आली आणि पुढच्याच वर्षी या खोऱ्यावरची कविता शीर्षकाला घेऊन तिचा संग्रह निघाला. दोघींची कीर्ती पसरवण्यात तिचा वाटा मोठा. पण ती इतकी भारावली का, याचं उत्तर एका चित्रात आहे. सीवर्डच्या आईवडिलांनी होनोरा स्नीड नावाच्या मुलीला घरी वाढवलं होतं, आणि सीवर्डचा सगळा जीव तिच्यावर. १७७३ मध्ये होनोरानं रिचर्ड एजवर्थशी लग्न केलं. १७८० मध्ये, म्हणजे या दोघी इथं राहायला आल्या त्याच वर्षी, ती क्षयानं वारली. सीवर्डनं पुढची कितीतरी वर्षं तिच्यावर कविता लिहिल्या. रॉम्नीनं रंगवलेल्या वाचत बसलेल्या एका तरुणीचा चेहरा तिला हुबेहूब होनोराचा वाटे. त्या चित्राची छापील प्रत तिनं लँगोलेनच्या दोघींना दिली. स्वतःच्या घरात जे घडू शकलं नाही ते ज्या घरात घडलं, तिथं तिनं आपल्या माणसाला नेऊन ठेवलं.

हेस्टर थ्रेल पिओझी, डॉक्टर जॉन्सनची एकेकाळची जिवलग, वेल्समध्येच ब्रिनबेला इथं राहायला आली आणि शेजारधर्मानं येऊ-जाऊ लागली. फ्रान्समधून लेखिका मादाम द जाँलिस आली. वर्ड्‌स्वर्थ १८२४ मध्ये आला, त्यानं दोघींवर सुनीत रचलं आणि त्यात त्यांच्या घराला बुटक्या छपराची झोपडी म्हणून ठेवलं. दोघी भडकल्या. यापेक्षा बरी कविता आम्ही करू शकतो, असं त्यांनी बोलून दाखवलं. दुसऱ्या वर्षी वॉल्टर स्कॉट आला. त्याच्याबरोबरच्या जावयानं, लॉकहार्टनं, घरी पाठवलेल्या पत्रात दोघींची चेष्टा केली.

चेष्टेचा विषय बहुधा पोशाख असे. दोघी नेहमी काळसर घोडेस्वारीचा अंगरखा घालत, गळ्याशी पांढरा रुमाल, आखूड केसांना पावडर आणि डोक्यावर पुरुषांची उंच हॅट. १८२० मध्ये ऑस्वेस्ट्रीच्या नाटकाला त्या आल्या तेव्हा रंगमंचावरच्या चार्ल्स मॅथ्यूज या विनोदी नटाला प्रेक्षकांत दोन म्हातारे पाद्री बसल्याचा भास झाला आणि त्यालाच हसू आवरेना. त्यांचं आज सगळीकडे दिसणारं चित्रही चोरूनच काढलेलं. मेरी पार्कर नावाच्या तरुणीनं, आई दोघींना बोलण्यात गुंतवत असताना, गुपचूप रेखाटन केलं. एलेनॉरची दृष्टी तोवर जवळजवळ गेली होती.

एका पाहुण्याचं नाव ऐकून मात्र मी चपापले. आर्थर वेलस्ली. मी मूळची जालन्याची. आमच्या जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पाडाव करणारा हाच तो वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. शाळेच्या सहलीत त्या शेतांमधून आम्हाला फिरवून आणलं होतं. त्याची आजी लेडी डंगॅनन जवळच चर्कला, ब्रिनकिनाल्टमध्ये राहायची, म्हणून त्याला हे घर लहानपणापासून माहीत. १८०८ मध्ये तो आयर्लंडमार्गे पोर्तुगालच्या मोहिमेवर निघाला तेव्हा एलेनॉरनं त्याला स्पॅनिश भाषेतलं प्रार्थनेचं पुस्तक दिलं, आणि बोटीवर ते वाचत तो स्पॅनिश शिकला. असईच्या सेनापतीनं एका म्हातारीच्या पुस्तकावरून भाषेचे धडे गिरवले, हे ऐकून उगीचच बरं वाटलं.

एलेनॉरची रोजनिशी शिल्लक आहे. १९३० मध्ये ती छापली गेली. तिच्यात साराचा उल्लेख नावानं जवळजवळ नाहीच, लाडक्या संबोधनानं आहे. सकाळी सातला उठणं, बागेत फेरी, वाचन, पत्रं, संध्याकाळी शेकोटीशी एकीनं मोठ्यानं वाचायचं नि दुसरीनं भरतकाम करायचं. एलेनॉरची अर्धशिशी उठली की साराचं रात्रभर जागरण. हे सगळं फार गोड आहे. पण त्याच पानांत माळ्यांना तडकाफडकी काढून टाकणंही आहे, कारण एलेनॉर तापट होती. पैशाची ओढाताण तर सदाचीच. नातलगांकडून येणारा तनखा तुटपुंजा आणि तोही वेळेवर नाही. पुढं राजाकडून पेन्शन मिळालं तरी कर्ज होतंच. हिशेबाच्या वह्या सारा ठेवायची.

१७९० च्या जुलैत एका वर्तमानपत्रानं दोघींवर मजकूर छापला. त्यात एलेनॉरला उंच आणि पुरुषी, साराला नाजूक ठरवलं आणि वाचकांना काय सुचवायचं ते सुचवलं. प्रत्यक्षात एलेनॉर ठेंगणी नि गोल होती. दोघींनी खटला भरायचा का म्हणून एडमंड बर्क या खासदाराला विचारलं. फिर्याद करून हाती काही लागायचं नाही, असा त्याचा सल्ला पडला.

त्या वर्तमानपत्रानं जे सुचवलं तेच विचारायला १८२२ च्या जुलैत हॅलिफॅक्सची ॲन लिस्टर आली. अर्थात थेट नाही विचारलं. एलेनॉर आजारी होती, सारा एकटीच भेटली, तिनं निरोप देताना बागेतलं गुलाबाचं फूल दिलं. ॲन स्वतः बायकांवर प्रेम करणारी आणि त्याबद्दल सांकेतिक लिपीत रोजनिशी लिहिणारी. या दोघींचं नातं नुसत्या मैत्रीचं असेल यावर तिचा विश्वास बसेना, तसं तिनं वहीत लिहून ठेवलं. तेव्हापासून अभ्यासक दोन्ही बाजूंनी भांडताहेत. त्यांची निजायची खोली एक, पलंग एक, पुस्तकांच्या बांधणीवर दोघींची आद्याक्षरं. कुत्रीचं नाव सॅफो, बायकांवरच्या प्रेमाची गाणी रचणाऱ्या प्राचीन ग्रीक कवयित्रीचं. माझ्या मैत्रिणीचं मत असं पडलं, की पन्नास वर्षं एकमेकींचं डोकं दाबून देणाऱ्यांना काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, चहा प्यायला चल.

चहाची खोली जुन्या तबेल्यात आहे. चहा पिताना तिनं मघाचा प्रश्न परत काढला. धूळ कोण पुसायचं?

मेरी कॅरिल. ओकचं वेड सुरू व्हायच्या आत, १८०९ मध्येच ती गेली. पण त्याआधीची जवळजवळ तीस वर्षं दारात येणाऱ्या प्रत्येक कवीला, सरदाराला, उमरावाच्या बायकोला तिनंच आत घेतलं असणार. बैठक म्हटली की चूल आली, विस्तव आला, ओले बूट आले, पाहुण्यांच्या नोकरांचं जेवण आलं. साहित्याच्या इतिहासात ते येत नाही. मरताना मेरीनं आपली सगळी साठवण सारासाठी ठेवली. मोलकरणीनं मालकिणीला वारसा दिला! प्लास नेविड विकत घेणं दोघींना जमलं १८१९ मध्ये, इथं येऊन एकोणचाळीस वर्षं झाल्यावर.

पुढं एलेनॉर २ जून १८२९ ला वारली, सारा १८३१ च्या डिसेंबरात. १८३२ मध्ये सामानाचा लिलाव सात दिवस चालला. आणि घर घेतलं कुणी? अमेलिया लॉली आणि शार्लट अँड्र्यू या आणखी दोन अविवाहित मैत्रिणींनी. त्यांच्याविषयी कुणी सुनीत लिहिलं नाही.

उतरताना सेंट कॉलेनच्या चर्चमध्ये गेलो. आतल्या छतावरही कोरीव ओक आहेच, पण आम्हाला बाहेरची कबर बघायची होती. मेरी गेली तेव्हा दोघींनी इथं तिच्यासाठी दगड उभारला, तीन बाजूंचा, टोकदार. दोन बाजू स्वतःसाठी कोऱ्या ठेवून. आता तिन्ही भरल्यात. एका बाजूला सरदारकन्या, एका बाजूला तिची सखी, एका बाजूला मेणबत्तीचं घर फेकून मारणारी मॉली. तिच्या बाजूवरचा मजकूर मालकिणींनी लिहवलेला, भरगच्च.

मैत्रिणीला फोटो हवा होता. ती मागं सरकली, पुढं आली, गवतात गुडघ्यावर बसली. दगड तिकोनी, त्यामुळे कुठूनही धरलं तरी एका वेळी दोनच नावं येतात. तिसऱ्या नावासाठी उठून वळसा घ्यावा लागतो. “थांब,” ती म्हणाली, “बस गेली तर गेली,” आणि पलीकडच्या बाजूला गेली.